शिंगाचं हँडल परत बसवताना : कमी खर्चात, चुका टाळून

मामांच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठिबकच्या नळ्यांची वेटोळी ज्या आकड्याला टांगलेली असायची, तो आकडा म्हणजे एका रेसर सायकलचं जुनं हँडल होतं. मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं. मामा कॉलेजात असताना सायकल घेतली होती. वर्षभरात आजोबांनी "पोरगं वाकून वाकून कुबडं होईल" म्हणत तिला सरळ दांडा बसवून घेतला. मग कॅरिअर आलं, दुधाच्या किटल्या आल्या आणि शिंगं शेडमध्ये गेली. ती सायकल माझ्याकडे आल्यावर मी हँडलही मागितलं. मामा म्हणाले, "ली जाय. पन मंग नळ्या कोठे टांगू?"

त्यानंतर स्वतःच्या आणि मित्रांच्या मिळून सात-आठ सायकलींवर हे काम केलं. त्यातल्या निम्म्यांवर पैसे वाया घालवले, आणि ते का गेले हे आता नीट सांगता येतं.

मुळात हा खटाटोप कशासाठी, हे जळगावहून धुळ्याकडे एकदा मे महिन्यात सायकल मारलीत की कळेल. एरंडोल, पारोळा, फागणे असा जवळजवळ सरळ पश्चिमेचा रस्ता, सावली नाही आणि वारा समोरून. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. सरळ हँडलवर तुम्ही छाती काढून त्या वाऱ्यात बसलेले असता. वळलेल्या हँडलवर खाली धरलं की अंग आडवं होतं आणि वाऱ्याला कमी जागा मिळते. शिवाय हात ठेवायला तीन-चार जागा असतात, त्यामुळे तीन तासांनंतर मनगटं बधिर होत नाहीत. २०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडला, साडेतेरा तास मिळतात. तिथे वळलेल्या हँडलची सक्ती नाही, पण ते का लावतात हे शंभराव्या किलोमीटरला समजतं.

आता कामाला लागू.

सायकल जन्माने कोण आहे ते ओळखा

पहिला प्रश्न "कोणतं हँडल घेऊ" हा नाही. सायकल मुळात वळलेल्या हँडलचीच होती का, हा आहे. होती, तर तुम्ही तिला घरी परत आणताय आणि खर्च थोडक्यात भागतो. नव्हती, तर तुम्ही तिची जात बदलताय. मग एक वस्तू घेतली की ती दुसरी मागते, दुसरी तिसरी.

ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. चाक बारीक आणि ब्रेक चिमट्यासारखा, एकाच बोल्टवर काट्याच्या (चाक धरणाऱ्या दोन पायांच्या नळीच्या) डोक्याशी बसवलेला असेल, तर बहुधा रेसर वंशाची. पुढच्या तिरक्या नळीवर दोन्ही बाजूंना गिअरच्या दांड्यांसाठी जोडलेली बटणं असतील तर प्रश्नच मिटला. उलट टायर जाड, पुढे शॉकअप आणि ब्रेकचे दोन लांब हात काट्याच्या दोन्ही पायांवर उभे असतील, तर ती डोंगरी सायकल. त्या लांब हातांच्या ब्रेकला व्ही-ब्रेक म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे सगळं भांडण त्याच्याशीच आहे.

डोंगरी सायकलची आडवी नळी लांब असते, कारण सरळ हँडलवर हात जवळ राहतात. वळलेल्या हँडलवर मूठ सात-आठ सेंटीमीटर आणखी पुढे जाते. म्हणजे आधीच ताणून बसत असाल तर आता सायकलवर झोपावं लागेल. आखूड आणि वर चढणारा स्टेम (हँडलला काट्याशी जोडणारा तुकडा) लावून थोडं भरून काढता येतं. पण सीट पुढे सरकवून ते भरून काढू नका, गुडघे दुखतात. सायकल तुम्हाला आधीच मोठी होत असेल तर हे काम करूच नका. सरळ हँडलच्या टोकांना लावायची छोटी शिंगं मिळतात, ती लावा आणि सुखी राहा. एका मित्राला मी हे सांगितलं नाही. त्याने सगळं बसवलं आणि दोन महिन्यांत सगळं काढलं.

मोजपट्टी आणि कागदाची पट्टी

दुकानात जाण्याआधी तीन मापं लिहून घ्या. एमआयडीसीतल्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं अवजार) असतो. तो नसेल तर कागदाची बारीक पट्टी नळीभोवती गुंडाळा, जिथे टोक भेटतं तिथे पेनाने खूण करा आणि ती लांबी मोजा.

पहिलं माप स्टेम हँडलला जिथे पकडतो तिथलं. इथे बहुधा तीनपैकी एक आकडा येतो. घेर सुमारे ८० मिलिमीटर आला तर व्यास २५.४, जवळजवळ ८२ आला तर २६.०, आणि १०० आला तर ३१.८. पहिल्या दोघांत फरक नखाएवढाही नाही आणि घोटाळा तिथेच होतो. २५.४ चं हँडल २६ च्या स्टेममध्ये कितीही आवळा, खड्ड्यात गेलं की फिरतं. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. त्याचे तीन वेढे देऊन ही फट भरणारे लोक आहेत, मीही भरली आहे. पण ती सायकल मी गावात चालवतो. लळिंगच्या उतारावरून ताशी पन्नासने उतरायचं असेल तर मापाचंच घ्या. २५.४ चं हँडल ३१.८ च्या स्टेममध्ये बसवायला तयार धातूचे अर्धगोल मिळतात, ते मात्र बिनधास्त वापरा.

दुसरं माप स्टेमचं. तो काट्याच्या नळीत आत घुसतो, की नळीला बाहेरून मिठी मारतो? आत घुसणारा जुन्या पद्धतीचा. त्याच्या दांड्यावर कमीत कमी किती आत राहायला हवा याची रेघ असते. ती रेघ बाहेर दिसता कामा नये, उंची कितीही हवी असली तरी. बाहेरून मिठी मारणारा बहुतेक वेळा २८.६ मिलिमीटरच्या नळीवर बसतो. हा बदलणं सोपं आणि जुन्या बाजारात स्वस्त.

आणखी एक बघा. स्टेमचं तोंड चार किंवा दोन बोल्टचं झाकण काढून उघडतं का, की एकाच बोल्टची बंद मूठ आहे? बंद असेल तर वळलेलं हँडल सगळी वळणं पार करत एका टोकातून आत सरकवावं लागतं आणि काही स्टेममधून ते जातच नाही. बोल्ट काढून उलट्या बाजूने आत घाला, फटीत एक नाणं ठेवा आणि हलकं आवळा. मूठ जराशी उघडते. जोर करू नका, मूठ तडकली तर नवा स्टेम आला.

तिसरं माप हाताच्या जागेचं, आणि हे नवशिक्याला कुणी सांगत नाही. सरळ हँडलची मुठीची नळी २२.२ मिलिमीटर असते, वळलेल्याची २३.८. म्हणून जुन्या सायकलचे ब्रेक लिव्हर आणि गिअरचे खटके नव्या हँडलवर चढतच नाहीत. "फक्त हँडल बदलू" हा हिशेब इथे कोसळतो.

आधी ब्रेक, मग बाकीचं

माझ्या ओळखीच्या एका मिस्त्रींनी माझी दुसरी सायकल हातात घेतली, लिव्हर दाबलं, ते थेट हँडलला टेकलं. म्हणाले, "भाऊ, हाऊ ब्रेक लागत नई." मी म्हटलं, नवीन आहे, बसेल हळूहळू. नाही बसला. मेहरूण तलावाच्या कडेने सकाळी फिरायला निघालेल्या एका काकांच्या अगदी जवळ जाऊन थांबलो, तेही चप्पल घासून.

भानगड अशी होती. लिव्हर दाबल्यावर तार किती ओढली जाते हे सगळ्या लिव्हरांत सारखं नसतं. चिमटा ब्रेकला थोडी तार लागते, व्ही-ब्रेकला जवळपास दुप्पट. रेसरचे नेहमीचे लिव्हर थोडी तार ओढणारे. ते व्ही-ब्रेकला जोडले की लिव्हर मऊ मऊ लागतं, हँडलपर्यंत येतं आणि ब्रेकचे रबरी गुटके जेमतेम रिमला शिवतात. याच्या उलट जोडी केली, म्हणजे जास्त तार ओढणारं लिव्हर आणि चिमटा ब्रेक, की लिव्हर लाकडासारखं कडक लागतं. दुकानात ते छान वाटतं, रस्त्यावर सायकल थांबत नाही. ही दुसरी चूक जास्त घातक, कारण ती हाताला कळत नाही.

म्हणून खरेदी ब्रेकच्या जोडीने ठरवा. चिमटा ब्रेक असेल तर साधे रेसर लिव्हर घ्या. टेक्ट्रोचे आरएल ३४० हे त्यातले सरळ, टिकाऊ आणि बजेटमधले. व्ही-ब्रेक असेल तर जास्त तार ओढणारे वळल्या हँडलचे लिव्हर घ्या, टेक्ट्रोचेच आरएल ५२०. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून डब्यावरचा आकडा वाचा, "भैया, व्ही-ब्रेकवाला दो" एवढ्यावर विसंबू नका. आणखी एक रस्ता आहे : ब्रेकच बदलायचा. ८०-९० मिलिमीटर हातांचे मिनी व्ही-ब्रेक साध्या रेसर लिव्हरवर चालतात. फक्त टायर जाड असेल तर ते टायरला घासतात.

तारेवर चालणारा डिस्क ब्रेक असेल तर तोही दोन प्रकारचा येतो. स्वस्त गिअर सायकलींवरचा बहुधा जास्त तारेचा असतो, त्याला आरएल ५२० जातीचं लिव्हर हवं. तेलावर चालणारा हायड्रॉलिक डिस्क असेल तर इथेच थांबा. वळल्या हँडलचे हायड्रॉलिक लिव्हर बाकी सगळ्या सामानापेक्षा महाग पडतात, मग हे "स्वस्तात" राहत नाही.

जुन्या रेसर सायकलींना हँडलच्या वरच्या आडव्या भागातून धरता यावं म्हणून मुख्य लिव्हरला जोडलेली एक लांब पट्टी असायची. भंगारात तशी जोडी मिळाली तर मोह टाळा. ती लवते आणि अर्ध्यातच हँडलला टेकते. वरून ब्रेक हवाच असेल तर तारेच्या मध्ये बसणारे वेगळे छोटे लिव्हर मिळतात, ते चांगले.

गिअर : तीन वाटा, खर्चाच्या चढत्या क्रमाने

सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे आहेत तेच खटके ठेवणं. ते नव्या हँडलवर चढत नाहीत हे वर सांगितलं. पण हँडलवर जादा लाइट लावायला एक छोटी आडवी नळी मिळते, ती बहुधा २२.२ मिलिमीटरची असते. ती स्टेमजवळ आवळायची आणि खटके तिच्यावर बसवायचे. प्लास्टिकची घेऊ नका, खटका दाबला की नळीच फिरते. गिअर टाकताना हात ब्रेकवरून उचलावा लागतो हा तोटा आहे, पण आमच्या सपाट रस्त्यांवर गिअर टाकायचे तरी किती वेळा?

दुसरी वाट तिरक्या नळीवर किंवा हँडलच्या टोकावर बसणाऱ्या दांड्यांची. यांत टकटक न करता नुसत्या घर्षणावर चालणारे प्रकार असतात. तिथे मागे सहा चकत्या असोत की आठ, कोणत्याही कंपनीच्या असोत, सगळं चालतं. हाताला आठवडाभरात सवय होते. मामांच्या सायकलीवर मी हेच लावलं. दुरुस्तीला काही नसतं म्हणून मला ही वाट सगळ्यात आवडते.

तिसरी वाट म्हणजे ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये. शिमानोचं क्लॅरिस आठ गिअरचं, सोरा नऊचं. ही नवी जोडी घेतली तर बाकी सगळ्या सामानाला मिळून जेवढे पैसे लागले त्याहून जास्त इथे जातात. घ्यायची असेल तर एक चांगली बातमी आहे. शिमानोच्या सात, आठ आणि नऊ गिअरच्या काळात डोंगरी आणि रेसर दोन्हींचा मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) एकाच प्रमाणात तार खातो, त्यामुळे मागचा डिरेलर बदलावा लागत नाही. दहा गिअरपासून हे नातं तुटतं. सात चकत्यांवर आठचं लिव्हर लावलं तर एक टकटक रिकामी जाते, बाकी चालतं. मात्र हे सगळे लिव्हर थोडी तार ओढणारे. व्ही-ब्रेकवर ते लावायचे तर मिनी व्ही-ब्रेक आलेच.

पुढच्या तीन चकत्यांचं काय? डोंगरी सायकलच्या पुढच्या डिरेलरचं आणि रेसर लिव्हरचं जमत नाही. मी सरळ पुढच्या गिअरचा खटका काढून टाकतो आणि चेन मधल्या चकतीवर ठेवतो. मधली ३८ दात्यांची, मागची सगळ्यात लहान १४ ची आणि चाक २६ इंची असेल, तर मिनिटाला ८० फेऱ्यांना ताशी सुमारे २७ किलोमीटर पडतात. जळगाव-भुसावळला एवढं पुरतं. पुढचा डिरेलर मात्र काढू नका. तारेचा छोटा तुकडा ताणून त्याला मधल्या चकतीवर अडकवून ठेवा, चेन पडू देत नाही. चाळीसगावचा कन्नड घाट किंवा तोरणमाळ चढायचं मनात असेल तर हा सल्ला विसरा, लहान चकती लागेल.

हँडल

एवढं झाल्यावर हँडल. रुंदी खांद्याएवढी : खांद्याच्या दोन हाडांमधलं अंतर मोजा, ४० आलं तर ४० सेंटीमीटरचं, ४२ आलं तर ४२. नवशिक्याने उथळ घ्यावं, ज्याची पुढची झेप ८० मिलिमीटरच्या आत आणि खोली १३० च्या आत असते. दुकानात याला कॉम्पॅक्ट म्हणतात. जुनी खोल शिंगं दिसायला देखणी, पण खालची जागा इतकी खाली असते की तिथे कुणी हात नेत नाही. मग वळलेलं हँडल घेऊन उपयोग काय?

सेकंडहँड घेतलंत तर ॲल्युमिनियमच्या हँडलवर स्टेमच्या आणि लिव्हरच्या पकडीखालची जागा उजेडात बघा. तिथे बारीक रेघ, खोल ओरखडा किंवा जरासा वाक असेल तर फुकट मिळालं तरी नको. ॲल्युमिनियम लवून इशारा देत नाही, एकदम तुटतं. लोखंडाचं असेल तर गंज बघा. मामांचं हँडल मी घासून पाहिलं, स्टेमच्या जागी गंजाने खड्डे पडले होते. दुसरं घेतलं, आणि ते परत शेडमध्ये नळ्यांना गेलं.

काय जुनं चालेल, काय नवंच हवं? स्टेम, लिव्हर, दांड्या जुन्या चालतील. ब्रेकची तार, तिचं आवरण आणि गुटके नवेच. तार घेताना टोक बघा. रेसर लिव्हरला नासपतीसारखं लहान टोक लागतं, डोंगरी सायकलच्या तारेला आडवं पिंप असतं, ते आत बसत नाही. गिअरची तार ब्रेकला आणि गिअरचं आवरण ब्रेकला कधीच नको. गिअरच्या आवरणात तारा उभ्या असतात, ब्रेकच्या ताणाने ते फाटतं. जुन्या तारा नव्या हँडलला पुरतीलच असं नाही, म्हणून लांब तारेची मागणी करा. मामांच्या सायकलीचं सगळं मिळून दीड हजाराच्या आत बसलं, कारण ब्रेक चिमट्याचे होते आणि लिव्हर जुने मिळाले.

बसवणी

जुनं काढण्याआधी फोटो काढा, विशेषतः तारा कुठून कुठे गेल्या आहेत त्याचा. मग हँडल स्टेममध्ये हलकं धरा, खालचा भाग जमिनीला जवळजवळ समांतर किंवा मागच्या चाकाकडे जरासा झुकलेला ठेवा. लिव्हर हलके बसवा आणि भिंतीला टेकून सायकलवर बसा. हात लिव्हरच्या रबरावर, कोपर किंचित वाकलेलं, मनगट सरळ. खाली धरून दोन बोटं लिव्हरपर्यंत आरामात पोहोचायला हवीत. नाही पोहोचली तर लिव्हर खाली सरकवा. हे करायला अर्धा तास द्या, घाई करू नका.

ठरलं की आवळा. हँडलचे बोल्ट आळीपाळीने, कोपऱ्या-कोपऱ्याने, थोडे थोडे. नव्या स्टेमवर किती जोराने आवळायचं त्याचा ५ किंवा ६ न्यूटन-मीटर असा आकडा बहुधा लिहिलेला असतो. टॉर्क पाना नसेल तर छोट्या एलन-कीला आखूड बाजूने धरून दोन बोटांनी आवळा, नळीचा तुकडा घालून कधीच नाही. मग तारा ओढा, हँडल पूर्ण डावी-उजवीकडे वळवून त्या ताणत नाहीत ना बघा, जादा आवरण कापा. कापलेलं टोक कानशीने सपाट करा आणि आतली फट दाभणाने उघडा. हे टाळलं तर ब्रेक नेहमी लिबलिबीत राहतो.

टेप सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो आठवडाभर चालवून झाल्यावर, कारण लिव्हर एकदा तरी सरकवावं लागतंच. तोवर तारा हँडलला चिकटपट्टीने बांधा. गुंडाळायला खालच्या टोकापासून सुरुवात करा आणि प्रत्येक वेढा आधीच्यावर एक तृतीयांश चढवा. आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा जाड जेलच्या टेपचा डिंक पातळ होऊन टेप सरकतो आणि हाताला चिकटतो. पातळ कॉर्कचा टेप घ्या. तोही नको असेल तर बॅडमिंटनच्या रॅकेटचे दोन-दोन ग्रिप एका बाजूला पुरतात. खाली फाटक्या ट्यूबची पट्टी घातली तर एरंडोलच्या पुढचे धक्के बरेच कमी लागतात. सायकल दुपारी उन्हात उभी करू नका, लिव्हरचं रबर चिकट होतं.

पहिली फेरी सकाळी, रिकाम्या रस्त्यावर. आधी चालत सायकल ढकला आणि पुढचा ब्रेक दाबा, मागचं चाक उचललं जायला हवं. मग बसून हळू वेगात दोन्ही ब्रेक, मग खाली धरून पुन्हा. उभं राहून हँडल ओढा, कुठे कट-कट ऐकू आलं तर स्टेमचे बोल्ट परत बघा. पंचवीस-तीस किलोमीटर झाले की सगळे बोल्ट पुन्हा तपासा, नव्या तारा ताणतात, त्यांचे नट पुन्हा ओढा. बाभळीचे काटे मात्र हँडल कोणतंही असलं तरी तेवढेच लागतात, तेव्हा पंक्चरचं सामान बरोबर ठेवा.